नामदेव भाऊजींचं डिपॉझिट

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मी चौथीतच शाळेत ठेवून आले. चुकलं असेल तर माफी असावी. नामदेव भाऊजींनी मात्र माझ्या अक्षराला कधी नावं ठेवली नाहीत. त्यांना ते दिसतच नाही.

भाऊजी जन्मापासून आंधळे. राळेगावकडच्या आमच्या गावात, आमच्या भिंतीला लागूनच त्यांची पिठाची चक्की आहे. पीठ चिमटीत धरून दगड आवळायचा की सैल करायचा ते ठरवतात. डबा खाली ठेवल्याच्या आवाजावरून तो कोणाचा ते सांगतात. पण त्यांचं नाव झालं ते दुसऱ्याच कारणानं. जो कोणी त्यांचा अभ्यास करायला येतो, त्याच्याकडून ते दोनशे रुपये डिपॉझिट ठेवून घेतात.

अपंग माणसांचा अभ्यास करायचं एक शास्त्र आहे म्हणे, कॉलेजात शिकवतात. त्या शास्त्राची माणसं फॉर्म घेऊन जिल्हाभर हिंडतात. आंधळा माणूस आणि चालू चक्की एकाच ठिकाणी सापडतात म्हटल्यावर सगळी आमच्याकडे वळतात. पूर्वी जो तो माहिती घ्यायचा, चहा प्यायचा आणि लिहून झालं की वाचून दाखवायला येतो म्हणायचा. एकही आला नाही. मग भाऊजींनी नियम काढला. दोनशे ठेवा, गोष्ट घेऊन जा. परत या, काय लिहिलं ते वाचून दाखवा, पैसे घेऊन जा.

"सिलिंडर नेतानी डिपाझिट भरता ना," ते विचारतात. "मंग माह्या गोष्टीनं काय घोडं मारलं?"

फोनवरून पाठवलेले पैसे चालत नाहीत. नोट हातात पाहिजे, ती बोटांनी मापून घेतात. प्रत्येक नोट एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालायची, वर मी नाव लिहायचं आणि पाकीट बिस्किटाच्या डब्यात ठेवायचं. तसं माझ्या नावाचं काही काम पडत नाही. दर पाकिटावरचा उठावाचा गणपती वेगळा, त्यावर बोट फिरवून कोणाचं पाकीट ते भाऊजीच सांगतात. वहीतल्या नोंदीही मीच करते. एका रकान्यात घेतले, दुसऱ्यात परत. दुसरा रकाना कोराच होता.

अभ्यास कसा करायचा हेही ते येणाऱ्याला शिकवतात, न विचारता. एका सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, यांना चहा चालतो का? भाऊजी म्हणाले, "तिले काय इचारता, सर? चहा मी पेऊन राह्यलो." एक मॅडम फार मोठ्यानं बोलत होत्या. त्यांना सांगितलं, "हळू बोला, मॅडम. डोये नाहीत, कान शाबूत हायेत." एकानं विचारलं, तुम्हाला स्वप्नात काय दिसतं. भाऊजी म्हणाले, "पहिले तुमचं सांगा. वैनी, लिवा." त्या साहेबांनी आढेवेढे घेतले. शेवटी कबूल केलं की आपण पॅन्ट न घालता परीक्षेला बसलो आहोत असं त्यांना नेहमी दिसतं. ते आमच्या वहीत आहे.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर चक्कीची मोटर जळली. डब्यात चौदा पाकिटं होती, म्हणजे दोन हजार आठशे. मी म्हटलं, भाऊजी, यातून मोटर नव्या तारेनं भरून आणा, आता कोण येतंय परत? एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अमानत हाय ते. कोनी आलं आन पाकीट रिकामं निंघालं, त मी कोन्या तोंडानं म्हनू का वाचून दाखव?"

उधारीवर मोटर भरून येईपर्यंत अठरा दिवस चक्की बंद राहिली. बाया डबे घेऊन शेजारच्या गावी जायच्या आणि वाटभर भाऊजींचा उद्धार करायच्या. भाऊजी ओट्यावर बसून रोज एकच विचारायचे, एसटीतून कोणी उतरलं काय? गाव हसायचं. खरं सांगते, मीही हसायची.

आणि फेब्रुवारीत पुसदची एक पोरगी एसटीतून उतरली. तीन वर्षांपूर्वी येऊन गेली होती. हातात तिनं लिहिलेलं, बाइंडिंग केलेलं जाड पुस्तक. भाऊजींनी दळण अर्ध्यावर थांबवलं. ती वाचू लागली. भाऊजी पीठ अंदाजानं ओळखतात, असं तिनं लिहिलं होतं. "अंदाज नाही, माप," भाऊजी म्हणाले. तिनं तिथल्या तिथं पेनानं दुरुस्त केलं. पुढं 'उत्तरदाता क्रमांक सात' असं सारखं येऊ लागलं.

"हा सात कोन व्हय?"

"तुम्हीच, काका. नाव छापायचं नसतं, म्हणून नंबर."

मला वाटलं, आता पोरीची काही खैर नाही. पण भाऊजी तिच्या बाजूला सरकले. मग हळू विचारलं, "मंग सहा कोन?"

ती म्हणाली, नाव सांगता येत नाही.

"नाव नको. काय म्हनते ते वाच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात दुसरं कोणी आंधळं नाही. ही फॉर्मवाली माणसं तेवढी जिल्ह्यातल्या बाकी आंधळ्यांच्या घरी बसून आलेली असायची. भाऊजींना त्यांचं ऐकायचं होतं.

तिनं सगळे नंबर वाचले. चौथा नंबर एका बाईचा होता. ती म्हणाली होती, पाहुणे आले की मला आतल्या खोलीत बसवतात. ताटांच्या आवाजावरून किती जण जेवले ते मी मोजते. भाऊजींनी ते तीनदा वाचायला लावलं.

"बराबर मोजत असन ते बाई," एवढंच म्हणाले.

मग डबा उघडला, पाकिटांवर बोटं फिरवली आणि तिचं पाकीट बरोबर काढलं. ती म्हणाली, राहू द्या काका.

"राहू द्या कसं? घे. आन चारकडं जाशीन त तिलेबी तिचं वाचून दाखवजो. सांगजो, सातनं रामराम केला."

मला वही काढायला लावली. मी परतीच्या रकान्यात तिच्या नावापुढं लिहिलं. बरोबर लिहिलं का ते बघायला भाऊजींनी त्यावर बोट फिरवलं, तर ओली शाई फरफटली. तरी वाचता येतं: दोनशे रुपये, पूर्ण परत.