वामनगुरुजींची विलायती मंडळी

माझी बायको नीला मंगळवारी गेली. बुधवारी वरच्या मजल्यावरचे वामनगुरुजी बगलेत एक पुस्तक घेऊन भेटायला आले. ते त्यांनी माझ्या मांडीवर उघडलं आणि म्हणाले, "ही ड्रेस्डेनची बाई. झग्याचा घेर बघा. हिला बसता येत नसणार."

सांत्वनाचं एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचा जन्म रामकुंडावर यात्रेकरूंची श्राद्धं करण्यात गेला. "दुःखी माणसाशी चार शब्द बोललो की दक्षिणा मागितल्यासारखं वाटतं," असं त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं.

पुस्तक शंभर वर्षांहून जुनं. युरोपातल्या लोकांचे पोशाख, मेजवान्या, नाच, बाजार, सगळं रंगीत चित्रांत. देवळालीतला एक बंगला रिकामा होताना गुरुजींनी अशी पेटीभर पुस्तकं आणली. चित्राखालची गावांची नावं तेवढी त्यांना लागतात; त्यांतल्या भाषा येत नाहीत, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही. प्रत्येक चित्रावर एक झिरझिरीत कागद असतो. तो उचलण्याआधी गुरुजी खाकरतात. बायकांच्या खोलीत एकदम शिरू नये, एवढंच. एका चित्रात मोलकरीण मालकिणीच्या कमरेच्या नाड्या आवळते आहे. ते पान मला कधी नीट बघायला मिळालं नाही. "पुढे चला. त्यांचं आवरतंय."

पुरुषांबद्दल त्यांचं मत बरं नाही. "एवढ्या थंडीचा देश आणि पायांत नुसते हे घट्ट मोजे! गुडघे धरत असतील."

सर्वपित्रीला ते या सगळ्यांना तर्पण करतात. नावं माहीत नाहीत; गोत्र ठाऊक नसलेल्यांचं लावतात ते, काश्यप. मुलगा वैतागतो.

"बाबा, ती माणसं ख्रिश्चन आहेत."

"पाणीच देतोय रे. मुंज लावत नाही."

नीलाचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा सटाण्याहून माझी थोरली बहीण शोभाताई आली आणि थेट साड्यांच्या कपाटापुढे उभी राहिली.

"गेलेल्या माणसाचे कपडे असे ठेवत नाहीत. देऊन टाकू."

मी नको म्हणालो. गुरुजी नेहमीसारखे पुस्तक घेऊन बसले होते.

"गुरुजी, तुम्हीच सांगा याला. माझं मेलं कोण ऐकतं!"

"द्यावेत," गुरुजी म्हणाले. "जन्मभर हेच सांगत आलो."

ताईनं एक गठ्ठा काढून पलंगावर ठेवला.

"आमच्या हिचे मी तेराव्यालाच दिले," गुरुजी पुस्तकात बघत म्हणाले. "लोकांना एक सांगायचं आणि आपण दुसरं करायचं, बरं दिसलं नसतं. आता या बाईच्या बाहीला लेसच्या ओळी किती, ते मी न बघता सांगेन. आमच्या हिचं एक सणाचं लुगडं होतं. त्याचे काठ आठवत नाहीत. फार बघतो आठवून."

ताई पलंगावर बसली. एका हिरव्या साडीच्या काठावरून हात फिरवत राहिली.

"ही नीला माझ्या अनघाच्या लग्नात नेसली होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, नवरीपेक्षा तुझ्याकडेच बघतायत सगळे. एवढी नेऊ मी?"

"ने," मी म्हणालो.

बाकीच्या तिनंच परत लावल्या. गुरुजी उठून वर गेले.

हिरवी साडी आता सटाण्याला आहे. इतर कपाटात आहेत.