काळ्या गाडीची तहान

"पोरगं सोन्यासारखं हाय, पण त्याच्या हाती भिंग पडू देऊ नको, माय," असं माझ्या सासूबाईंनी, शेवंताबाईंनी, मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. मी नागपूरहून बी. ए. होऊन आलेली. मनात म्हटलं, पत्ते नाहीत, तंबाखू नाही, एक भिंग. असू दे की.

आमचे हे स्वतःची ओळख अशी करून देतात: "मी भोजराज. दिवसा भाताची गिरणी बघतो, पण ते केवळ वेषांतर. बालाघाटात माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच, तर माझ्या परवानगीने सुटते." तपासावर असले की हे पुस्तकी मराठी बोलतात. घाबरले की घरची भाषा परत येते.

तर आमची जुनी काळी गाडी. दुलीचंद मिस्त्रीने तिचं इंजिन पार उघडून नव्याने बांधून दिलं. रोज तेल बघायला सांगितलं, आणि त्या दिवसापासून ती तेल पिऊ लागली. हे रोज अंघोळ झाली की पूजेच्या आधी गाडीपाशी जात, तेल मोजायची काडी उपसत, धोतराच्या सोग्याने पुसत, परत बुडवत. काडी वर येई ती जवळजवळ कोरडी. मग हे तेल ओतत. गिरणीपर्यंत जाताना मागे निळा धूर, आणि सकाळी काडी पुन्हा कोरडी.

मला हसू येत नव्हतं. माझी नणंद ललिता उकव्याला, खाणीच्या क्वार्टरात. तिचे दिवस भरत आलेले. मागच्या खेपेला बसच्या धक्क्यांनी वाटेतच दुखू लागलं आणि बाळ हाती लागलं नाही. या वेळी तिला आपल्या गाडीतून आणायचं ठरलं होतं. पण घाटात, जंगलात, ही धुरकांडी बंद पडली तर? आमच्या तान्ह्या साधनाला मांडीवर घेऊन मी रोज तो धूर बघत होते.

"गळती!" हे म्हणाले, आणि माझं पांढरं लुगडं गाडीखाली अंथरलं. दुसऱ्या दिवशी त्यावर मांजराची पावलं उमटलेली होती. तेलाचा थेंब नाही.

"मांजर तेल पितं?" मी विचारलं.

"मांजर संशयाच्या पलीकडे आहे. चोर मनुष्यच आहे. शेजारच्या बाबूलालच्या बंडीची चाकं हल्ली करकरत नाहीत, हे तुझ्या ध्यानात आलं का?"

आणि हे भिंग घेऊन थेट बाबूलालकडे गेले. चाकं हुंगून झाली, मग त्याचं डोकंही.

"भोजराज भाऊ, काय करून राह्यले?" बाबूलाल दचकून म्हणाला. "बंडीची चाकंच काढून ठेवली हायत मी. करकरतीन कशी? अन् डोक्याले जवसाचं तेल हाय. पाह्यजे का थोडंसं?"

पुढचा आरोपी दुलीचंद. "तू पिस्टनच्या रिंगा उलट्या बसवल्यास," हे गरजले.

"भैया, बीस साल से रिंग बिठा रहा हूँ, एकबी उलटी नै बैठी!"

"सिद्ध कर. इंजिन पुन्हा उघड!"

दुलीचंदने रागाने पान्यांची पेटी आणून आपटली. इंजिन उघडलं म्हणजे गाडी पंधरवडाभर अंगणात पसरलेली, आणि ललिता पुन्हा बसमध्ये.

ओट्यावर सासूबाई साधनाला बोंडल्याने, त्या चोचीच्या वाटीने, दूध पाजत होत्या. मी मागे उभी. माझं लक्ष सगळीकडे असतं, म्हणजे कुठेच नसतं. "आई, दूध संपलं. वाटीचं बुड कोरडं दिसतंय. आणखी आणते."

"संपलं कुठं? समदं चोचीत हाय. बोंडलं तोंड खाली केलं की बूड कोरडंच दिसन. मागून पाहून वतशीन तर पोरीच्या नाकात जाईन."

एवढं बोलून त्या थांबल्या. अंगणाकडे बघितलं. आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं. बॅटरी म्हातारी, म्हणून गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी असते. चाकाखालचा दगड काढला की घरंगळत जाऊन चालू होते. आमच्या आळीत ज्याच्याकडे गाडी त्याची हीच रीत.

"काहून रे भोजराज," सासूबाईंनी हाक मारली, "तुही ते काडी कुठं हाय? चोचीकडं का बुडाकडं?"

काडी इंजिनाच्या मागल्या अंगाला होती, म्हणजे बुडाकडे.

सगळ्यांनी मिळून गाडी बाबूलालच्या सपाट खळ्यावर ढकलत नेली. काडी बुडवली. तेल खुणेच्या कितीतरी वर! हे भिंगातून बघत राहिले, जणू भिंगाने खूण वर सरकेल.

"बापा! मले वाटलं..." हे म्हणाले. मग खाकरून, "हाच माझा पहिल्यापासूनचा अंदाज होता."

"इंजन पी नै रहा था भैया," दुलीचंद म्हणाला, "तुम पिला रहे थे. जादा हुआ, तो धुआँ बनके फेंक रहा था."

त्याने खालची बुची सोडून जास्तीचं तेल काढलं. बाबूलालने किटली पुढे केली. बंडीची चाकं परत बसवायची होतीच. त्यानंतर निळा धूर दिसला नाही. ललिताला आम्ही घाटातून हळूहळू आणलं. मुलगा झाला, चांगला रडका.

परवा हे माय-लेकराला उकव्याला सोडायला गेले, ते अजून आले नाहीत. निरोप आला की तिथल्या विहिरीचं पाणी कमी होतंय आणि यांचा तपास सुरू आहे. त्याचं मला काही नाही. पण ललिता घरात एकटी, नवरा पाळीवर, आणि मी इथे बसून काळजी करणार. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर क्वार्टरापाशी काळी गाडी दिसेल. समोरच्या दारात डोकवा. ललिताला विचारा, नीट जेवते ना, बाळ पोटभर पितं ना. ती "हौ" म्हणाली तरी बाळाकडे एकदा बघून घ्या. आणि बोंडल्यात दूध किती आहे ते मागून बघू नका.