तिसऱ्या मजल्यावरचा टेका

बुधवारी दुपारी चार वाजता शोभाताई वैरागडे यांनी हॉलच्या मधोमध उभ्या असलेल्या स्टीलच्या खांबाला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या बाया अर्ध्या तासात येणार होत्या आणि खांब काढता येत नव्हता. तो सैल करायची चावी मुलाच्या गाडीत होती. मुलगा, पियूष, गाडीसकट उमरेडला ड्यूटीवर होता.

खांब सुनेचा होता. मिनल मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायची. त्यातून कंबरदुखी लागली. डॉक्टर, पट्टा, तेल असं सगळं करून झाल्यावर मागच्या वर्षी ती धंतोलीत पोल फिटनेसच्या क्लासला जाऊ लागली. कंबरदुखी गेली. शिवाय भरलेलं सिलिंडर ती आता सरकवत नसे, उचलत असे. घरीही सराव व्हावा म्हणून पियूषने रविवारी तिला हा खांब बसवून दिला होता. तो जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसतो, भोक पाडावं लागत नाही. बेडरूमला पीओपीचं छत होतं, ते दाब सहन करणार नाही, म्हणून हॉल.

शोभाताईंना खांबाचं काही वाटत नव्हतं. मिनल त्यावर चढली की त्या भाजी निवडता निवडता बघत बसत आणि "पाय सरळ कर" असंही सांगत. त्यांना भीती होती ती लोकांच्या थट्टेची. मिनलच्या ऑफिसात कुणीतरी तिच्या की-बोर्डवर दहाची नोट ठेवली होती. मिनलने त्या नोटेचा चहा मागवला आणि नोट ठेवणाऱ्यालाच पाजला. एका लग्नात शोभाताईंच्या नवऱ्याच्या, मनोहररावांच्या, चुलतभावाने पंगतीत विचारलं होतं, "सूनबाईचा शो किती वाजता असते?" शोभाताई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. मिनलने मात्र दोनदा जिलेबी घेतली.

"लपवू नका आई," ती म्हणाली होती. "लपवलं की लोकायले वाटते, आहे काहीतरी."

पण ते ऑफिस होतं आणि ते लग्न. ही बेसा भागातली स्वतःची इमारत होती. इथे सुनेवर कोणी हसलं असतं तर रोज जिन्यात त्याच तोंडाला तोंड द्यावं लागलं असतं. म्हणून शोभाताईंनी माळा गुंडाळल्या. नवऱ्याला गेटजवळच्या बाकावर पाठवताना बजावलं, "खांबाबद्दल कोणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही." मनोहररावांनी मान हलवली.

पहिल्या आल्या त्या वरच्या चौथ्या मजल्यावरच्या भावना आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना सगळी इमारत आजी म्हणत असे. आजींनी चपला काढल्या, खांबापाशी गेल्या, कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले.

"कोणता देव मांडला वं, शोभा?"

"देव नाही, आजी."

"मंग माळा काहून घातल्या?"

तोवर सोसायटीचे सचिव सुमंत यांच्या पत्नी नंदिनी आल्या होत्या, त्यांच्यामागून आणखी चौघी. सगळ्या खांबाकडे पाहत होत्या. देवाबद्दल खोटं बोलणं शोभाताईंना जमलं नसतं. त्यांनी उत्तरासाठी वर पाहिलं. वर स्लॅब होता.

"टेका आहे," त्या म्हणाल्या. "स्लॅबले."

"स्लॅबले काय झालं?" नंदिनींचा तिळगूळ हातातच राहिला.

"काही नाही. वरून थोडा लोड आहे. ह्यायनं म्हटलं, सावध राहिलेलं बरं."

'ह्यायनं' म्हणजे मनोहररावांनी. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते, जन्मभर पूल आणि मोऱ्या बांधत आले होते. असा माणूस स्वतःच्या घरात टेका लावतो म्हटल्यावर बायांनी आवाज खाली आणला. आणि वर काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भावनांचे यजमान गणपतराव यांची उमरेडकडे शेती होती. वर्षाची तूर आणि गहू ते गावाहून आणून मधल्या खोलीत थप्पी लावून ठेवत. ती खोली बरोबर या हॉलच्या वर.

भावनांनी वाणात मिळालेली चाळणी मांडीवरून खाली ठेवली. "आमच्या तुरीनं का, ताई?"

"तुरीचं नाव घेतलं का मी?"

"वर तर आमीच राहतो ना."

बाकीचं हळदीकुंकू लवकर उरकलं. नेहमी निघता निघता दारात अर्धा तास उभ्या राहणाऱ्या बाया एकेक करून, पाय हळू टाकत गेल्या.

खाली बाकावर मनोहरराव दिलेला शब्द पाळत होते. गणपतराव त्यांच्याकडे आले तेव्हा भावनांचा फोन होऊन गेला होता.

"मनोहरराव, घरात खांब लावला म्हणते?"

मनोहरराव गेटकडे पाहू लागले.

"खरं आहे का गा?"

"मी काही बोलू शकत नाही."

"धोका किती आहे, तेवढं तरी सांगा."

"मले विचारू नका, गणपतराव. शोभाले विचारा."

मनोहरराव म्हणजे रस्त्यात खड्डा दिसला तरी तिथे उभे राहून तो का पडला हे ऐकवणारे गृहस्थ. त्यांनी बांधकामाच्या विषयावर तोंड मिटावं, यावरून गणपतरावांनी जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. त्यांनी त्याच संध्याकाळी दोन हमाल बोलावून पोती खाली उतरवली. हमालांनी पोती थप्पीवरून जमिनीवर टाकली, त्याचे धक्के दुसऱ्या मजल्यापर्यंत बसले. आतापर्यंत ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचाही बसला.

रात्रीच्या जेवणाआधी सुमंतांचा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर आला. गच्चीवरची टाकी अर्धीच भरली जाईल. लिफ्ट बंद राहील. वॉशिंग मशिन लावू नये. खलबत्ता वापरू नये. मुलांनी घरात उड्या मारू नयेत. उद्या सहा वाजता इंजिनिअर येत आहेत, सर्वांनी पार्किंगमध्ये जमावं.

मिनल ऑफिसमधून आली ती फोन वाचतच. "आई, आपल्या स्लॅबबद्दल हे काय चालू आहे?"

शोभाताईंनी सगळं सांगितलं. मिनल सोफ्यावर बसली आणि तिने झेंडूच्या माळांकडे पाहिलं.

"सांगून टाका उद्या."

"कसं सांगू? आता सांगितलं तर दोन गोष्टी होते. एक, तू नाचतेस. दोन, मी खोटं बोलते."

"पहिली तर आहेच."

मनोहररावांना सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त लागलं. "माह्या नावानं टेका सांगितला? असा? एक पाइप, खाली पाटा नाही, वर पाटा नाही. खात्यातला कोणी पाहून गेला तर काय म्हणन मले?"

गुरुवारी सकाळी आठच्या आत इमारतीचं पाणी संपलं. दिवसभरात जिन्यातून उतरणारा प्रत्येक माणूस तिसऱ्या मजल्यावर पाऊल हलकं करत होता. शोभाताई दाराआडून ते ऐकत होत्या. दुपारी त्यांनी दोनदा नंदिनींना फोन लावला आणि दोन्ही वेळा तिकडून "हॅलो" आल्यावर तिळाच्या वड्यांची कृती विचारून ठेवून दिला.

सहा वाजता सगळी इमारत पार्किंगमध्ये उतरली. इंजिनिअर प्रेमानंद नावाचे, जरीपटक्याहून आलेले शांत गृहस्थ होते. ते वर जाऊन पाहायला निघाले, तर सुमंतांनी त्यांना थांबवलं.

"आधी वरचा मजला खाली करू. मंग तुमी जा. रिपोर्ट येईपर्यंत गणपतरावांच्या घरच्यांनी दुसरीकडं राहावं, असं माझं मत आहे."

"आईले कुठं नेऊ?" गणपतराव म्हणाले. "ती जिना उतरत नाही अन् लिफ्ट तुमीच बंद केली."

शेवटी दोघा-तिघांनी मिळून आजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून एकेक पायरी उतरवत आणली. आजींच्या मांडीवर औषधांची पिशवी होती. एका हाताने त्यांनी खुर्ची धरली होती, दुसऱ्याने पिशवी. पार्किंगमध्ये खुर्ची टेकली तेव्हा त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि शोभाताई दिसल्यावर हळूच म्हणाल्या,

"शोभा, माह्यामुळं तर नाही ना झालं बापा? मले तर वजन बी नाही काही."

शोभाताईंना पुढे काय करायचं ते त्या क्षणी कळलं. एवढंच की ते सोपं नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आजीले वर न्या. स्लॅबले काही झालं नाही. तो टेका नाही."

"मंग काय आहे?" सुमंतांनी विचारलं.

"पोल डान्सचा खांब आहे. माह्या सुनेचा."

शोभाताई हसण्याची वाट पाहू लागल्या. हसू आलं नाही. नंदिनी पुढे आल्या आणि त्यांनी शोभाताईंच्या दंडावर हात ठेवला.

"ताई, फ्लॅटची किंमत पडन म्हणून असं सांगून राहिल्या ना तुमी? समजते मले. पण खोटं सांगायचं तर पटन असं तरी सांगा. पोल डान्स? तुमच्या घरी?"

"खरं आहे वं, नंदिनी."

"त्याले माळा घातल्या होत्या. आजी पाया पडल्या."

"मनोहरराव, तुमी सांगा," गणपतराव म्हणाले.

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. आदेश उठला आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती. ते पुन्हा गप्प राहिले आणि खळबळ वाढली.

एवढ्यात मिनलची स्कूटर गेटमधून आत आली. तिने हेल्मेट काढायच्या आत सुमंत तिच्यापाशी पोचले. त्यांचा आवाज कालच्या संदेशापेक्षा बराच नरम होता.

"वहिनी, एक विनंती होती. तुमचा तो जो प्रकार आहे, तो जरा करून दाखवता का? इंजिनिअर साहेबांसमोर. म्हणजे लोकायले खात्री होईन."

"आता?"

"हाव. टाकी रिकामी आहे, खात्री झाल्याबिगर भरता येत नाही."

मिनलने सासूकडे पाहिलं. शोभाताईंनी मान खाली घातली आणि मग वर केली. "जा. मी माळा काढते."

इमारतीतली निम्मी माणसं वैरागड्यांच्या हॉलमध्ये मावली, उरलेली जिन्यात. आजींची खुर्चीही तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दाराशी ठेवली. मिनल आतून शॉर्ट्स घालून आली तेव्हा नंदिनींच्या भुवया वर गेल्या.

"कपड्यावरून घसरायला होते," मिनलने सांगितलं. "पकड कातडीची लागते."

"घर्षण," प्रेमानंद म्हणाले आणि वहीत काहीच न लिहिता मान हलवली.

मिनलने हात पुसले, खांब धरला आणि दोन झेपांत वर गेली. वर गेल्यावर खांबाला गुडघा अडकवला, हात सोडले आणि उलटी होऊन सावकाश फिरू लागली. शोभाताई वर्षभर ज्या घडीला भीत होत्या ती हीच. त्यांनी कसंबसं पुरुषमंडळींकडे पाहिलं.

त्यांच्यातला एकही मिनलकडे पाहत नव्हता. सगळे स्लॅबकडे पाहत होते. सुमंतांनी मोबाइलची बॅटरी लावून प्रकाश खांबाच्या टोकावर धरला होता. गणपतराव स्टुलावर चढून कान छताला लावायच्या बेतात होते.

"हालला का?"

"नाही."

"वहिनी, अजून एकदा फिरा ना. त्या कोपऱ्यात माझं ध्यान नव्हतं."

मिनल अजून एकदा फिरली. मग दुसऱ्या बाजूने. नंतर प्रेमानंदांनी एका लहान हातोडीने छत ठोकून पाहिलं, वर जाऊन मधली खोली पाहिली, खाली येऊन चष्मा पुसला.

"स्लॅब मजबूत आहे. हिच्या वजनाचा प्रश्न नाही आणि पोत्यांचाही नव्हता. हा खांब नसता तरी स्लॅब असाच राहिला असता."

"म्हणजे नुसता नाचच आहे?" गणपतरावांनी विचारलं.

"नुसता नाच."

"देव पावला," गणपतराव म्हणाले आणि स्टुलावर बसले. जिन्यातले लोक हे शब्द खालपर्यंत एकमेकांना सांगत गेले. नाच आहे, नुसता नाच आहे. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी टाळी वाजवली. नंदिनींनी डोळे टिपले. भावनांनी पुढे होऊन मिनलचे दोन्ही हात धरले, तिने इमारत वाचवल्यासारखे. मनोहररावांना तोंड उघडायची परवानगी मिळाली होती आणि ते प्रेमानंदांना खऱ्या टेक्याला पाटा किती रुंद लागतो ते सांगत होते.

सुमंतांनी चौकीदाराला फोन करून पंप चालू करायला सांगितलं. पाण्याचा आवाज पाइपातून वर चढू लागला तसा त्यांनाही धीर आला. "आता गणपतीत वहिनींचा एक कार्यक्रम," असं त्यांनी सुरू केलं. नंदिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे, टाकी भरली का पाहून येतो," असं म्हणून ते गेले.

सगळे पांगल्यावर शोभाताईंनी जमिनीवरच्या झेंडूच्या पाकळ्या गोळा केल्या. "मी उगाच भ्याले," त्या म्हणाल्या.

"उगाच नाही," मिनल पाणी पिता पिता म्हणाली. "आज त्यायले स्लॅबची भीती होती म्हणून. उद्या हसतीन कोणी कोणी."

"हसू दे. मी आहे ना."

शनिवारी दुपारी भावना खाली आल्या. सोबत वाटीभर तुरीची डाळ होती, पण ती निमित्ताला. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून त्या खांबापाशी उभ्या राहिल्या आणि मिनलने त्यांना पहिली पकड दाखवली. "ह्यायले कळू देऊ नका, ताई," भावनांनी शोभाताईंना सांगितलं. "विचारलं तर काहीबी सांगा."

पंधरा-वीस मिनिटांनी बेल वाजली. शोभाताई बाहेर जिन्यात आल्या आणि दार पाठीमागे ओढून घेतलं. गणपतराव होते.

"भावना इथं आहे का?"

"आहे."

"काय करून राहिली?"

आतून काहीतरी जमिनीवर आदळल्याचा आवाज आला, मागोमाग दोघींचं हसू. गणपतराव दाराकडे पाहू लागले, मग सवयीने छताकडे.

"स्लॅब ठीक आहे," शोभाताई म्हणाल्या.

"ते माहीत आहे. मंग हे काय आहे?"

शोभाताईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी गणपतरावांना पाणी घेणार का, असं विचारलं. ते हो म्हणाले. पाणी आत होतं आणि दार उघडल्याशिवाय आणता येत नव्हतं.