कासमभाईंची पाठ

कासमभाई दाढीला आले की न्हावी आधी आरसा काढून दारात टांगायचा. कारण भाईंना पाठीशी भिंत लागे, आणि भिंतीला टेकलेल्या माणसासमोर आरसा धरायचा तर दुसरी जागाच नव्हती. बाकीच्या गिऱ्हाइकांनी वाकून आत यावं.

जुन्नरला आमची घरं शेजारी. ते भांड्यांना कल्हई लावत, मी शाळामास्तर. पंगतीत, मशिदीत, बाजारात, कुठंही त्यांची जागा भिंतीलगत. टांग्यात मात्र मागल्या बाजूला, टांगेवाल्याच्या पाठीला पाठ टेकवून खुशाल बसत. कुणी हसलं तर म्हणत, "पुढचं तं डोळं बगत्यात, गुरुजी. मागलं कोन बगनार?"

गंमत म्हणजे हा माणूस नावाजलेला शिकारी. शिनोलीच्या रानातला नरभक्षक बिबट्या यांनीच मारलेला. त्या शिकारीत त्यांचा जोडीदार धोंडिबा गेला, एवढं सर्वांना ठाऊक. नंतर भाईंनी बंदुकीला हात लावला नव्हता. मांजर मागून आलं तरी ओट्यावर चढत. मी त्यांची भरपूर चेष्टा करी.

यंदा पुन्हा बिबट्या उतरला. शिनोलीच्या ओढ्यावर धुणं धुणारी एक बाई त्यानं नेली. दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली. मी परसाकडे जातानाही कंदील आणि बायको, दोन्ही बरोबर नेई. चेष्टा केव्हाच बंद झाली होती.

त्यातच नारायणगावला जुन्या शिकाऱ्यांचा सत्कार ठरला. कासमभाईंना पदक, आणि पदकाबरोबर काडतुसांची पेटी. पेटीचा अर्थ न कळायला कुणी दूधखुळं नव्हतं. "गुरुजी, तुमी संगं चला," एवढंच भाई म्हणाले.

मांडवात व्यासपीठामागे भिंत नव्हती, नुसता पडदा. खुर्ची जंगलखात्याच्या साहेबांना, भाईंना बाकडं. ते सारखी मान वळवून मागे बघत होते. साहेबांचं भाषण रंगात आलं आणि पडदा हलला. भाई टेबलावर चढले, साहेब टेबलाखाली गेले. पडद्याखालून एका शेळीनं तोंड काढलं आणि सत्काराचा हार चघळायला घेतला. मांडव हसून लोळला.

साहेबांनी टोपी सावरली. "कासमभाई, तो बिबट्या कसा मारला ते सांगा लोकांना. हाही तुम्हालाच मारायचाय."

भाई खाली उतरले.

"आमी दोगं पाठीला पाठ लावून बसायचो, साहेब. त्याची बाजू त्यो बगनार, माजी मी. बोलायचं न्हाई. मधनंच कोपर मारायचं, जागा हाईस का म्हनून. दुसऱ्यानं कोपरानंच जाब द्यायचा. त्या दिशी माजा डोळा लागला. धोंडिबानं कोपर मारलं आसंल. लई येळा मारलं आसंल. जागा झालो तवा पाठ गार पडली व्हती. आवाजाच्या रोखानं बार टाकला, बिबट्या पडला. त्याचं ह्ये पदक."

धोंडिबा गेला हे सर्वांना माहीत होतं, तो असा गेला हे कुणालाच माहीत नव्हतं.

"पेटी द्या. बाया मरत्यात, मी जातो. पन पाठीला कोन बसनार, तेवढं सांगा."

मिशीला पीळ देणारे सगळे शिकारी आपापल्या वहाणांकडे बघू लागले. भाई एकटेच उभे होते आणि मागचा पडदा हलत होता.

मला बंदुकीचं तोंड कुठलं हेही नीट कळत नाही. पण मला ते बघवेना. मी वर चढलो आणि पडद्याकडे तोंड करून बाकड्यावर बसलो. भाई आले, बसले, हळूच टेकले. त्यांची पाठ थरथरत होती. माझीही.

साहेबांनी त्यांच्या छातीवर पदक लावलं आणि काडतुसांची पेटी आणून थेट माझ्या मांडीवर ठेवली. टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात भाईंचं कोपर माझ्या बरगडीला लागलं. मी लगेच कोपरानं जाब दिला. थोड्या वेळानं पुन्हा लागलं. मी पुन्हा दिला.

मांडव रिकामा झाला तरी ते विचारत राहिले, आणि मी पडद्यावरची नजर न हलवता जाब देत राहिलो.