ब्राझीलला गेलेला मळा

सकाळचा चहा गाळून झाल्यावर मंजुळाबाईंनी मोबाईल नवऱ्यापुढे धरला आणि विचारलं, "आहो, हाई पहा बरं. हिरास्नी थैली मागला महिनामा चारशे एकोणपन्नासले व्हती. आज चारशे नव्व्याण्णव सांगी राहिना हाऊ मोबाईल."

अभिमन आबांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. बायकोनं एवढ्या आदरानं काही विचारण्याचा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला होता. आबा धुळ्याच्या एका पतपेढीतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. परदेशी चलनाशी त्यांचा संबंध आयुष्यात एकदाच आला होता. दोंडाईच्याच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं हप्त्याच्या गड्डीत चुकून नेपाळी नोट दिली होती, ती आबांनी लगेच परत केली होती. पण निवृत्तीनंतर रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लागली आणि त्या ओळींत डॉलरचा भाव असायचा.

"डॉलर महागला," आबा म्हणाले. घरातही ते कार्यालयीन मराठी बोलत. "गेम अमेरिकेतल्या कंपनीचा. थैलीची किंमत ते डॉलरमध्ये ठरवतात, आपण रुपयात भरतो. रुपया घसरला की थैली चढते."

"पन वांगा तर मी आठे लायेल शेतस ना?"

"वांगी तू इथून लावलीस, पण ती जमीन अमेरिकेत आहे."

मंजुळाबाईंनी थोडा विचार केला. "मंग सातबारा कोना नाववर शे?"

 आबांनी चहा बशीत ओतला.

सोनगीरचं खरं शेत बटाईनं देऊन धुळ्यात देवपूरला राहायला आल्यापासून मंजुळाबाईंचा जीव 'सोन्याचं शिवार' या मोबाईलवरच्या खेळात रमला होता. त्यात त्यांची चार एकर वांगी, सहा गायी आणि एक विहीर होती. खेळातली शेतकरीण म्हणून त्यांनी हिरव्या साडीतली, कपाळाला मोठं कुंकू लावलेली बाई निवडली होती. खत, चारा, पाणी हे सगळं हिऱ्यांवर मिळे आणि हिरे पैशावर. कॉलनीतल्या नऊजणींनी मिळून 'खान्देश मळा मंडळ' नावाचा संघ काढला होता. शनिवारी नाशिकच्या बायकांशी त्यांचा अंतिम सामना होता. जिंकणाऱ्या संघाला सोन्याचा नांगर मिळणार होता. त्याचा उपयोग काय हे कोणालाच माहीत नव्हतं, पण तो नाशिकला जाता कामा नये यावर एकमत होतं.

डॉलरची गोष्ट दुपारपर्यंत नऊही घरांत पोचली. संध्याकाळी शाळेतून परतताना मंडळातल्या दिपमाला मॅडम थेट आबांकडे आल्या. सोबत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या, मंडळातल्याच सुगराबी होत्या.

"आबा, हिरे आज घेऊ का थांबू?" दिपमालानं विचारलं.

"थांबा," आबा म्हणाले. "रुपया सावरेल. आत्ता घाई करणं म्हणजे वरच्या भावात सापडणं."

"कितने दिन?" सुगराबींनी विचारलं.

"चार-पाच दिवस. बाजाराला श्वास घेऊ द्या."

शेवटचं वाक्य त्यांनी पेपरातच वाचलं होतं. पण ते ऐकून दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः खडू घेऊन कॉलनीच्या फाटकाशी गेले आणि नळाच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर, 'पाणी एक दिवसाआड' याच्या खाली, डॉलरचा भाव लिहून आले. भाजीवालाही तो वाचून मान हलवू लागला. एकदा त्यानं मेथीची जुडी पाच रुपयांनी वाढवली आणि कारण म्हणून फळ्याकडे बोट दाखवलं.

रुपया मात्र सावरला नाही. पाचव्या दिवशी थैली पाचशे एकोणीसवर गेली. तोवर नऊ घरांतल्या चोपन्न गायी चाऱ्यावाचून रोडावल्या होत्या. खेळात उपाशी गाय मालकिणीकडे डबडबल्या डोळ्यांनी पाहते.

"आबा, मेरी गाय रोती है," सुगराबी दारात उभ्या राहून म्हणाल्या. "कपडे शिवताना समोर मोबाईल ठेवते, तर ती माझ्याकडेच बघते. तुमच्या शब्दावर थांबले मी."

"आणि परवा सामना आहे," दिपमाला म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या, पण मुख्याध्यापिकेच्या सुरात म्हणाल्या.

आबांनी दोघींकडे उद्यापर्यंत मुदत मागितली आणि जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसले. खेळाचं स्वतःचं दुकान होतं. त्यात वर एका कोपऱ्यात देश निवडायची यादी होती. देश बदलला की तिथल्या चलनात भाव दिसे. आबांना हुरूप आला. जिथे स्वस्त तिथून घ्यायचं, एवढी साधी गोष्ट. जपान दाबला तर हिऱ्यांची मोठी पेटी तीन हजाराला दिसली. व्हिएतनाम दाबला तर साडेपाच लाख दिसले. आबांनी घाईनं बाहेर येऊन दोन मिनिटं छातीवर हात ठेवला. मग ब्राझील दाबला. तिथे तीच पेटी एकशे एकोणीस रुपये नव्वद पैसे. भारतात तिलाच एकोणीसशे पडत होते.

आकड्याच्या आधी इंग्रजी आर आणि त्याला चिकटून वळणदार एस होता. पतपेढीच्या पावत्यांवर पस्तीस वर्षं त्यांनी रुपयाची हीच खूण पाहिली होती. एसमधून एक उभी रेघ गेली होती, पण मंजुळाबाईंचा मोबाईल दोनदा ओट्यावरून पडलेला असल्यामुळे काचेवर ओरखडे होतेच. हाही त्यातलाच एक, असं आबांनी धरलं.

"ब्राझील हा शेतकऱ्यांचा देश," ते बायकोला म्हणाले. "त्यांना शेतीची कदर आहे."

सकाळी नऊजणींकडून एकशे वीस-एकशे वीस रुपये गोळा झाले. आता परदेशात चालणारं कार्ड हवं होतं. ते मंजुळाबाईंच्या धाकट्या भावाकडे होतं. प्रेमराज जळगावला एका सराफी पेढीत नोकरीला होता आणि पेढीच्या शेटजींबरोबर एकदा दुबईला प्रदर्शनाला जाऊन आला होता. आबांनी फोन केला तेव्हा तो गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवत होता.

"किती लागतीन दाजी?"

"अकराशेच्या आत. आजच तुला पाठवून देतो."

प्रेमराजनं बांगड्या तोलता तोलता कार्डाचे आकडे सांगितले. आबांनी देश बदलला, नऊ पेट्या घेतल्या आणि मोबाईल बायकोच्या हाती दिला. मंजुळाबाईंनी पडदा आधी जवळ, मग लांब धरून पाहिला.

"आहो," शेवटी त्या म्हणाल्या, "मना वांगा कोठे गयात?"

चार एकर वांग्यांच्या जागी चार एकर कॉफी उभी होती. विहिरीच्या जागी धबधबा होता. हिरव्या साडीतली बाईही गेली होती. तिच्या जागी डोक्यावर हातभर लांब रंगीत पिसं लावलेली, खांदे उघडे असलेली एक तरुणी कंबरेवर हात ठेवून डुलत होती. तिच्या पायाशी नाव होतं, मंजुळाबाई अभिमन पाटील.

"हिले काही तरी नेसाडा," मंजुळाबाई म्हणाल्या. "मना नाववर हाई अशी नाची राहिनी, आनि नाशिकन्या बाया पाही राहिन्यात."

नाशिकच्या बायका मात्र पाहू शकत नव्हत्या. देश बदलल्यामुळे 'खान्देश मळा मंडळ' भारताच्या गटातून निघून ब्राझीलच्या गटात गेलं होतं. अंतिम सामन्यात नाशिकचा संघ समोर कोणी नसल्यामुळे विजयी झाल्याची सूचना आली. ती वाचत असतानाच जळगावहून फोन आला.

"दाजी," प्रेमराजचा आवाज बारीक झाला होता, "तुम्ही अकराशे सांगं व्हतं. मना कार्डवरथून अठरा हजार एकशे नव्वद गयात."

"काहीतरी चूक असेल."

"चूक नही. मेसेजमा लिखेल शे. एक हजार एकोणऐंशी रियाल. ब्राझीलना. एक रियाल म्हंजे सव्वासोळा रुपया, वर बँकनी फी. मी आमना शेटले इचारी लिधं."

आबांनी मोबाईल उजेडाकडे नेला आणि काचेवरून नखानं रेघ खरवडून पाहिली. रेघ गेली नाही. ती काचेच्या आत होती. तिथे त्यांची कार्यालयीन मराठी संपली.

"मंजुळा," ते म्हणाले, "मी खड्डामा पडनू व."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं प्रेमराज धुळ्याला आला. तो ओरडला नाही. सोफ्यावर बसून फक्त छताकडे पाहत राहिला आणि हे जास्त वाईट होतं. सुगराबी आणि दिपमालाही आल्या. भारतात तीच पेटी एकोणीसशेला होती. नऊ पेट्यांचे सतरा हजार एकशे झाले असते. म्हणजे आबांनी स्वस्तात घेण्यासाठी हजार रुपये जास्त मोजले होते, हा हिशेब दिपमालानं वहीच्या कोपऱ्यावर करून सर्वांना दाखवला.

"तक्रार करू," प्रेमराज म्हणाला. "त्यास्ना तक्रारना कागद शे मोबाईलमा. पन इंग्रजीमा लिखनं पडी."

"बोललं तरी चालतं," दिपमाला म्हणाल्या. "आपण बोलायचं, ते भाषांतर करतात."

"मंग मी बोलस," मंजुळाबाई म्हणाल्या आणि मोबाईल तोंडाशी धरला. आपल्या खान्देशी बोलीत, एका दमात, त्यांनी सगळं सांगितलं. मळा वाही गया. वांगा गयात, इहिर गयी, गायी रडी राहिन्यात. बठ्ठा पैसा गया. मना आंगवर लुगडं बी नही राह्यनं. खरेदी कोणी केली हे सांगणं भाग होतं म्हणून चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. "हाई बठ्ठं अभिमन पाटीलमुळे जायं. तो मानूस आते सुधरावाना नही. आते तुम्हीच काय ते करा."

उत्तर तीन दिवसांनी आलं, मराठीत. दिपमालानं ते सर्वांसमोर मोठ्यानं वाचलं.

"आदरणीय मंजुळाबाई, महापुरात आपले शेत, विहीर आणि वस्त्रे वाहून गेल्याचे वाचून आमचे सर्व कर्मचारी व्यथित आहेत. आपले श्री. अभिमन पाटील सुधारण्याच्या पलीकडे गेले, हे आम्ही जड अंतःकरणाने स्वीकारतो. आपली संपूर्ण रक्कम परत केली जाईल. आपला मळा पूर्ववत केला आहे. श्री. पाटील यांच्या स्मरणार्थ आमच्याकडून एक छोटी भेट."

मंजुळाबाईंनी खेळ उघडला. वांगी परत आली होती. गायी परत आल्या होत्या. हिरव्या साडीतली बाईही आली होती. आणि विहिरीशेजारी, आंब्याच्या झाडाखाली, एक दगडी बाकडं होतं. त्यावर कधी न विझणारी पणती होती आणि पाटीवर कोरलं होतं, 'अभिमन पाटील. तो शेतकरी होता.'

आबांनी ते बाकडं काढून टाकायचा बराच प्रयत्न केला. ते निघत नव्हतं. इतकंच नाही, तर खेळात येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा तिथे थांबून टोपी काढत असे. त्यात एकदा नाशिकच्या संघाची प्रमुख येऊन फूल ठेवून गेली.

"दोन दिवस वाईट वाटलं," सुगराबी आबांना म्हणाल्या. "तुम्ही समोरच बसलेले असता, तरी तिथे गेलं की डोळ्यात पाणी येतं."

फळ्यावरचा डॉलर आबांनी त्याच दिवशी पुसला. पेपर ते आता हवामानापर्यंत वाचून घडी घालत. गल्लीत कोणी "आबा, रुपया..." असं सुरू केलं की ते घरात निघून जात. प्रेमराजला स्वतःच्या मुदत ठेवीतून पैसे द्यायची तयारी त्यांनी दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "परताव्यानी वाट पाहूत, दाजी." पण बोलताना तो त्यांच्याकडे पाहत नव्हता, हे आबांच्या मनाला लागलं. या मेहुण्याला पहिली नोकरी लागली तेव्हा पगाराचं खातं त्यांनीच उघडून दिलं होतं.

परतावा यायला जवळजवळ दोन महिने लागले. रविवारी सकाळी प्रेमराज न सांगता दारात उभा राहिला. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"ऊना का पैसा?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"ऊना अक्का." प्रेमराज खाली बसला. "पन तो ब्राझीलना रियाल दोन महिनामा वर चढना. त्यास्नी एक हजार एकोणऐंशी रियालच वापस करात. आज त्यास्ना रुपया जायात अठरा हजार सातशे श्याहत्तर. फी जाईसन बी पाचशे श्याऐंशी जास्ती."

 आबांनी पेढा उचलला होता, तो तसाच हातात राहिला. नफा झाला होता हे त्यांना कळत होतं. तो कसा झाला हे मात्र कळत नव्हतं.

बातमी जिन्यावरून खाली गेली आणि दहा मिनिटांत सुगराबी आणि दिपमाला वर आल्या. दिपमालानं पुन्हा वहीच्या कोपऱ्यावर आकडे मांडले, दोनदा तपासले आणि आबांकडे निराळ्याच नजरेनं पाहिलं. "दोन महिन्यांत सव्वातीन टक्के," त्या म्हणाल्या. "मुदत ठेवीला वर्षाला सात मिळतात."

"म्हणजे आबांनी मुद्दाम ब्राझील निवडलं होतं?" सुगराबींनी हळू आवाजात विचारलं.

"नाही हो," आबा म्हणाले. "मी चूक केली होती."

"मोठी मानसं असंच बोलतस," प्रेमराज म्हणाला.

चहा झाला. निघताना तो दारात चपला घालत थोडा रेंगाळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, आमना शेट इचारी राहिंतात. सोनं आत्ते भरी ठेवानं का थांबानं? डॉलर पुढला महिनामा काय करी?"

अभिमन आबांनी मेहुण्याकडे पाहिलं. त्याला दुसऱ्यांदा फसवायची त्यांची इच्छा नव्हती. आयुष्यात प्रथमच त्यांनी चलनाविषयी पूर्ण खरं उत्तर दिलं.

"मला माहीत नाही."

प्रेमराज बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं सावकाश मान डोलावली, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि फोन कानाला लावतच जिना उतरू लागला. त्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता.

"शेट, दाजीस्ले इचारं. तोंडातून एक शब्द काढत नहीत. तुम्ही आज काहीच खरेदी करू नका. काहीतरी भलतंच मोठं व्हनार शे."