लालासाहेबांच्या फोटोला हार

सिनेमावाल्या कुणालनं भिंतीवरचा फोटो मागितला, तेव्हा लालासाहेब पिसाळांनी एवढंच विचारलं, "काम केवढं हाय?"

"काका, अख्खी गोष्ट तुमच्याभोवती फिरते. नायिकेचे मिस्टर आहात तुम्ही. पिक्चरभर ती तुमची आठवण काढते."

"बोलायचं-बिलायचं?"

"छे! तुम्ही नुसतं बघायचं."

एस.टी.त तीस वर्षं काढून रिटायर झालेल्या माणसाला हे काम झेपण्यासारखं होतं. त्या सुमारास, म्हणजे पंच्याण्णव-शहाण्णव साली, वाईत दर दोन घरांआड कुणीतरी सिनेमात असायचं. कुणाची बैलगाडी, कुणाचं तुळशीवृंदावन, कुणाची सासू. लालासाहेबांचाच तेवढा नंबर लागत नव्हता. त्यांनी काच पुसून फोटो दिला. नायिका आठवण कशापायी काढते हे विचारायचं राहून गेलं आणि कुणालही सांगायला थांबला नाही.

फोटोच्या बाबतीत लालासाहेब आधीच दुखावलेले होते. आठ वर्षांपूर्वी सांगलीला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काताईंच्या लेकीचं लग्न झालं. घरच्यांचा फोटो निघाला आणि त्यात नवरीचा मामाच नाही! आक्काताईंचं म्हणणं, "हाका मारून घसा बसला माजा, ह्यो पंगतीत जिलबी वाढून घेत बसलेला." लालासाहेबांचं म्हणणं, मुद्दाम वगळलं. भांडण पेटलं. लाला आधी बोलल्याशिवाय वाईचा उंबरा चढणार नाही, अशी तिनं शपथ घेतली. आक्का आधी बोलल्याशिवाय तोंड उघडणार नाही, अशी यांनी. आठ भाऊबिजा कोरड्या गेल्या. त्या दिवशी लालासाहेब सकाळपासून स्टँडवर बसून सांगलीच्या गाड्या बघत आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोवर विनाकारण चिडत.

सिनेमात गेलेला फोटोही सांगलीचाच होता. लहानपणी आई गेल्यावर आक्काताईंनीच लालाला सासरी नेऊन शिकवलं. त्याला नोकरी लागली तेव्हा हाताला धरून स्टुडिओत नेलं. ऐन वेळी पांढऱ्या शर्टाची वरून दुसरी गुंडी तुटली. आक्काताईंनी सोबत आलेल्या नवऱ्याच्या कोटाची काळी गुंडी तोडली आणि स्टुडिओवाल्याकडून सुईदोरा मागून तिथल्या तिथं लावली. त्या फोटोत लाला असा हसलाय, की पुन्हा तसा कधी हसलाच नाही.

पुढच्या वर्षी पिक्चर सांगलीला लागला. आक्काताई शेजारणींबरोबर गेल्या. पहिल्याच प्रसंगात पांढऱ्या साडीतली नायिका भिंतीकडे बघून रडते आणि पडदाभर फोटो येतो. चंदनाचा हार घातलेला, काळ्या गुंडीसकट.

"आरं माज्या लाला!" आक्काताईंनी असा हंबरडा फोडला, की थेटरातले दिवे लागले.

"आवं आक्काताई, पिक्चर हाय त्यो," शेजारीण म्हणाली.

"पिक्चर असंल, पर गुंडी माजी हाय! शूटिंग वाईत झालंय. फोटू घरातनं उचलून आनला असनार. आनि जित्या मानसाच्या फोटूला हार कोन घालतंय? भांडान हाय म्हनून मला कळीवलं न्हाई गं!"

या बोलण्यात खोट काढायला शेजारणीला जागाच नव्हती. तरी मध्यंतरापर्यंत आक्काताई उठल्या नाहीत. कारण पडद्यावर नऊ वर्षांचं एक पोरगं दारात येऊन नायिकेला म्हणालं, "मीच तुझा नवरा. परत आलोय." मग ती त्याला फक्त नवऱ्यालाच ठाऊक असलेल्या गोष्टी विचारायला लागली. आक्काताई डोळे पुसून पुसून त्या पोराचा चेहरा निरखत होत्या. कुठं लाला दिसतोय का, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ट्रॅक्स भरून सांगली वाईत उतरली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आक्काताईंनी पहाटे उठून पिठलं-भाकरी करून आणली होती. दार लालासाहेबांच्या बायकोनं, बयाबाईंनी उघडलं. नऊ वर्षांनी नणंद दारात आणि मागं तोंडं पाडलेली दहा माणसं! बयाबाईंनी ओळखलं, सांगलीला कुणीतरी गेलं! कोण, ते विचारायचा धीर होईना. त्यांनी सरळ आक्काताईंच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. आक्काताईंची उरलीसुरली शंका फिटली.

"आसं कसं झालं गं बया?"

"काय म्हाईत आक्का! दुखनं-बिखनं हुतं का?"

"मला इचारतीस व्हय?"

गल्ली गोळा झाली. बयाबाईंचं कपाळभर कुंकू बघून ट्रॅक्समधल्या एकीनं भुवया चढवल्या, पण अशा वेळी बोलायचं कसं? एवढ्यात मोरीचं दार उघडून, टॉवेल गुंडाळलेले लालासाहेब ओल्या अंगानं बाहेर आले.

"कोन गेलं?"

रडणं थांबलं. आक्काताईंनी आधी भावाच्या पायांकडे बघितलं. पाय सुलटे होते.

"तूच की!"

सगळा उलगडा झाला. पिक्चरमध्ये आपलं काम काय होतं, ते लालासाहेबांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. "आयुष्य वाढलं म्हनायचं," कुणीतरी म्हणालं. आक्काताईंनी भावाच्या गालावरून हात फिरवला आणि तेवढ्यात त्यांना आपली शपथ आठवली. त्यांनी डबा उचलला.

"जित्ता हायस न्हवं? मग जाते मी. मयत म्हनून उंबरा चढले हुते."

"आवं पर ह्येच पयले बोलले की!" बयाबाई कळवळून म्हणाल्या. "कोन गेलं, म्हनले!"

"त्ये मी समद्यास्नी इचारलं," लालासाहेब सवयीनं बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

आक्काताई उंबऱ्याकडे निघाल्या. त्यांची पाठ वाकली होती. लालासाहेब दोन पावलं पुढं झाले. आक्का आज गेली, तर पुढच्या खेपेला कुणाच्या तरी फोटोला खराच हार असेल.

"आक्का, थांब. लाला गेला ह्ये खरंच हाय," ते घाईनं म्हणाले. "हार पडला, तू रडलीस, पिठलं-भाकरी आली. आजून काय ऱ्हायलं? भांडनारा लाला गेला. माजा ह्यो दुसरा जलम."

आक्काताई थांबल्या. पिक्चर त्यांनी मध्यंतरापर्यंत नीट बघितला होता.

"दुसरा जलम? मग मागलं काय आठवतंय, सांग बघू."

"काळी गुंडी. दाजींच्या कोटाची. तसाच उघड्या कोटानं घरी आला मानूस."

आक्काताईंचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "आनि भाचीच्या लग्नातला फोटू?"

लालासाहेबांनी छताकडे बघत बराच वेळ आठवून पाहिलं.

"कुनाच्या लग्नातला?"

आक्काताईंनी डबा खाली ठेवला. ताट मागवून भाकरी मोडली, वर पिठलं घातलं आणि ताट भावापुढं सारलं.

"खा. जिलबी न्हाई त्यात."

"कसली जिलबी?" तोंडात घास धरून लालासाहेब म्हणाले.