नेम चुकल्याचा दाखला

आमच्या गोळीबार मैदानावर आजवर एकाही पाहुण्याचा नेम चुकलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. नोंदी ठेवणं हेच माझं काम आहे. माझ्या टेबलावरच्या पाटीवर ‘ल्वान, उपप्रमुख, अभिलेख व अतिथी-समाधान विभाग’ असं लिहिलेलं आहे. विभागाला प्रमुख नाही, त्यामुळे उपप्रमुखाला भरपूर वाव आहे.

दक्षिण व्हिएतनाममधली अशी मैदानं असतात तसंच हेही. उन्हात तापणारं मोकळं रान, पत्र्याच्या छपराखाली सहा कट्टे, प्रत्येक कट्ट्याला साखळीने बांधलेली एक जुनी लढाईतली बंदूक आणि शंभर मीटरवर जाड ओंडक्यांवर चौकटीत अडकवलेला निशाणाचा कागद. पाहुणा तिकीट काढतो, कानांवर हेडफोन चढवतो, दहा गोळ्या झाडतो आणि आपला कागद गुंडाळी करून मायदेशी नेतो. कागद कोरा निघाला तर सहलीचा बेरंग होतो. सुरुवातीच्या दिवसांत एका धिप्पाड गृहस्थांचा तसा झाला होता. त्यांच्या दहाच्या दहा गोळ्या कुठे गेल्या ते कुणालाच कळलं नाही. बायकोमुलांसमोर त्यांनी उसाचा रस न पिता परत केला आणि हॉटेलवर जाऊन इंटरनेटवर आमच्याविषयी असं काही लिहिलं, की पुढचा पंधरवडा आमच्या कट्ट्यांवर कोंबड्या बसल्या.

संचालक थुई साहेबांनी तातडीने बैठक बोलावली. पाहुण्याचा नेम हा त्याचा खासगी विषय नसून मैदानाच्या सेवेचा भाग आहे, असं बैठकीत ठरलं. तेव्हापासून निशाणाचा कागद थेट पाहुण्याच्या हातात पडत नाही. तो आधी ‘पडताळणी’साठी चिन मावशीच्या टपरीमागे जातो. चिन मावशी मैदानाच्या दारातच गवती चहा चोळलेलं डुकराचं मांस बांबूच्या काड्यांवर भाजून विकते. त्याच काडीने ती कागदाला भोकं पाडते. मधल्या काळ्या ठिपक्यात सहा, आजूबाजूला दोन आणि एक जरा लांब, विश्वास बसावा म्हणून. उरलेली गोळी आधीच्याच भोकातून गेली, असं नोंदीत लिहायचं. गोळीच्या भोकाभोवती काळपट कड असते, ती कोळशावरच्या काडीने आपोआप येते.

‘मावशी, कुणाला शंका येत नाही का गं?’ मी पहिल्या आठवड्यात तिला विचारलं होतं.

‘नऊ भोकं बघितल्यावर कोण कशाला शंका घेईल?’ ती निखाऱ्यांना वारा घालत म्हणाली. ‘एकच पाडलं असतं तर भांडला असता.’

तिचं खरं निघालं. डोळे घट्ट मिटून गोळ्या झाडणाऱ्या एका बाईंनी तो कागद नवऱ्याच्या नाकासमोर नाचवला. एका तरुणाच्या बंदुकीत तर पहिलीच गोळी अडकली. त्याने एकही गोळी झाडली नाही, पण गडबडीत त्याचाही कागद टपरीमागे गेला आणि आठ भोकं घेऊन परत आला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. त्याने कागद उन्हात धरून पाहिला, बंदुकीवरून मायेने हात फिरवला आणि फ्रेम कुठे करून मिळेल ते विचारलं. पहिल्या वर्धापनदिनाला आम्हा कर्मचाऱ्यांनाही नोंदणीकृत नेमबाज करून घेण्यात आलं. माझा कागद दहापैकी नऊ असा आहे. तो माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर असतो.

तीन वर्षांत आमची अचूकता शंभर टक्क्यांवर गेली. वरिष्ठ कार्यालयाने गौरव म्हणून सोनेरी झालरीचा लाल ध्वज दिला, तो थुई साहेबांच्या डोक्यावर टांगला गेला. ध्वजामागोमाग एक पत्र आलं. पत्रात विचारलं होतं, की निशाणाच्या पलीकडे एकही गोळी गेल्याची नोंद नसताना निशाणामागचा चार मीटर उंच मातीचा बांध कोणत्या कारणास्तव ठेवण्यात आला आहे?

या पत्राला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते दिलं असतं तर ध्वज परत करावा लागला असता. आठवड्याभरात बांध काढला आणि ती माती बसगाड्या उभ्या करायच्या जागेतला खड्डा बुजवायला वापरली. काटकसरीबद्दल आम्हाला आणखी एक प्रशस्तिपत्र मिळालं.

बांध होता त्याच्या पलीकडे ताम काकांची फणसाची बाग आहे. एक्केचाळीस झाडं. काका-काकूंनी लग्नाच्या वर्षी लावलेली. काकू गेल्यापासून काका घरात कमी आणि बागेतच जास्त असतात. माझं अर्धं बालपण तिथल्या फांद्यांवर गेलं.

पुढच्याच महिन्यात काका सायकलच्या मागे एक मोठा फणस बांधून माझ्या कार्यालयात आले. त्यांनी खिशातून एक गोळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावरचा चीक अजून ओला होता.

‘आठळीच्या जागी हे निघालं,’ ते म्हणाले. ‘बाजारात शाळेच्या बाईंनी गरा खाल्ला, त्यांची दाढ गेली. गोळी आत शिरते, वरून चीक येतो, भोक बुजून जातं. मला फणस हलवून बघावा लागतो रे आता, खुळखुळतोय का म्हणून.’

‘काका, ही आमची गोळी नाही.’

‘मग काय झाडाला लागली?’

‘आमच्या नोंदीप्रमाणे सगळ्या गोळ्या निशाणावर लागलेल्या आहेत.’

‘लहानपणी माझ्या झाडावरून डोक्यावर पडलास, तेव्हा तुला खांद्यावर टाकून दवाखान्यात मी नेलं होतं,’ काका म्हणाले. ‘डॉक्टर म्हणाला होता, काही झालेलं नाही. तो डॉक्टर खोटारडा होता.’

मला लाज वाटली. लाज वाटली की मी अर्जाचा नमुना देतो, तसा तो दिला. काकांनी तो भरला, आणि दहा दिवसांनी तीन जणांची तपासणी समिती बागेत हजर झाली.

समितीच्या प्रमुख दियेप बाई कडक शिस्तीच्या. कायद्याचं पुस्तक त्या पिशवीत ठेवत नाहीत, काखेत धरतात. वरून बघून फणसाला भोक दिसेना. तेव्हा पुरावा आतून तपासायचं ठरलं. काकांनी कोयत्याला तेल लावून फणस फोडले, समितीने झाडाखाली चटई टाकून गरे तपासले. चौथ्या फणसापर्यंत समितीचं मत अनुकूल होतं. पाचव्यात दियेप बाईंच्या दाताखाली कडकन आवाज झाला.

त्यांनी गोळी हातरुमालात घेतली. ‘काका, हे झाड कुणाचं?’

‘माझं.’

‘फळ?’

‘माझंच की.’

‘मग फळात जे आहे ते?’

‘ते पलीकडून आलंय,’ काकांनी मैदानाकडे हात केला.

‘तिकडच्या सगळ्या निशाणावर लागतात, तसा ध्वज आहे त्यांच्याकडे,’ बाई म्हणाल्या. ‘दुसरी कुठली दिशा सांगता येईल का?’

दुसऱ्या दिशेला भाताची खाचरं आणि बदकं होती. चिन मावशी हे सगळं कुंपणापलीकडून ऐकत होती. तिच्याने राहवेना. काडी घेऊन ती आत आली. ‘अहो बाई, ती भोकं मी पाडते. ही बघा, या काडीने.’

‘आपलं पद?’

‘मी मांस भाजते.’

‘म्हणजे नेमबाजीवर मत द्यायला आपण पात्र नाही,’ दियेप बाई सौम्यपणे म्हणाल्या आणि दोन काड्या मांस बांधून द्यायला सांगितलं.

निकाल आठवड्याभरात आला. ‘संबंधित व्यक्तीच्या बागेत विनापरवाना दारूगोळा, तेवीस नग. दडवण्याची पद्धत : फळाच्या आत, वरून चिकाने मोहोरबंद.’ वयाकडे बघून काकांवर खटला भरला नाही. मात्र दारूगोळा धारण करणारी एक्केचाळीस झाडं येत्या पंधरा तारखेपर्यंत तोडायची होती.

काकांनी कागद दोनदा वाचला. ‘या वयात मी शस्त्रं पिकवायला लागलो,’ ते म्हणाले.

दियेप बाई काही दुष्ट नाहीत. त्यांनी स्वतः पुस्तक उघडून एक पळवाट शोधून दिली. आमच्या मैदानाच्या एका जरी नोंदणीकृत नेमबाजाने ‘माझा नेम चुकला होता’ असं लिहून दिलं, तर गोळी पलीकडून येऊ शकते हे सिद्ध होत होतं. त्यासाठी नमुना सतरा-ख होता. आजवर तो कुणी मागितला नव्हता, म्हणून मला तो छापून घ्यावा लागला.

मी चार हजार तीनशे पाहुण्यांना पत्रं पाठवली. बागेचा फोटो जोडला. तीन उत्तरं आली, तिन्हींत कागदाची दुसरी प्रत मिळेल का, अशी विचारणा होती. बंदूक अडकलेल्या तरुणाला मी फोन केला.

‘साहेब, आपण एकही गोळी झाडली नव्हती,’ मी त्याला आठवण करून दिली.

‘आणि तरी आठ,’ तो म्हणाला. ‘माझे ऑफिसातले लोकही हेच म्हणतात.’

शेवटी मावशीनेच तोडगा काढला. ‘काकालाच तिकीट काढून दे. उभा राहील, दहा गोळ्या आभाळात घालवील आणि लिहून देईल, माझा नेम चुकला. तिकीट काढलं की तोही नोंदणीकृतच झाला की.’

इतकी सोपी गोष्ट तीन विभागांना सुचली नव्हती. रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि रांगेत उभे राहिले. कॉफीच्या दुकानावरचे त्यांचे दोस्तही मागोमाग आले. काका तरुणपणी तीन वर्षं सैन्यात होते, पण स्वयंपाकघरात. त्यांनी पातेल्याशिवाय काही उचललं नाही, यावरून ते दोस्त त्यांना चाळीस वर्षं चिडवत आले आहेत.

‘ताम, भात शिजवायचा नाहीये बरं का,’ एक जण ओरडला.

‘जरा वर धरा, काका,’ मी कानाशी सांगितलं. ‘निशाणाकडे बघूसुद्धा नका.’

काकांनी डोळेच मिटले. दहा गोळ्या सुटल्या. शेवटच्या गोळीनंतर लांब बागेत धप्प असा आवाज झाला.

‘माझाच फणस पडला,’ काका हेडफोन काढत म्हणाले. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. याहून चांगला पुरावा मिळणार नव्हता. मी सतरा-ख पुढे केला, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मावशी निशाणाचा कागद घेऊन आली.

दहापैकी दहा. सगळी मधल्या ठिपक्यात.

मी मावशीला बाजूला ओढलं. ‘हे काय केलंस? कोरा द्यायचं ठरलं होतं ना?’

‘ठरलं होतं रे,’ ती खाली बघत म्हणाली. ‘जगातल्या सगळ्यांना देते आणि आपल्या माणसाला कोरा देऊ? तेही त्या टवाळांसमोर? माझा हातच वळेना.’

‘बरं, असू दे,’ मी म्हटलं आणि काकांकडे वळलो. ‘काका, कागदाचं सोडा. मावशीची काडी तुम्हाला माहीतच आहे. इथे सही करा.’

काका कागदाकडे बघत होते. दोस्तही वाकून भोकं मोजत होते. काकांनी एकेका भोकावरून बोट फिरवलं.

‘मावशीची काडी बाकीच्यांच्या कागदावर चालते, ते मला माहीत आहे,’ ते हळूच म्हणाले. ‘हा कागद वेगळा दिसतोय.’

‘काका, तुमचे डोळे मिटलेले होते.’

‘तेच तर म्हणतोय मी. डोळे मिटून दहा.’

‘आणि तो धप्प आवाज?’

‘नारळ असेल.’

‘तुमच्या बागेत नारळ नाही.’

‘शेजारच्याचा असेल मग,’ काका म्हणाले. त्यांनी कागद शर्टाच्या आत सरकवला आणि माझं पेन टोपण लावून परत दिलं.

‘अहो, झाडं जातील.’

‘झाडं परत लावता येतात, ल्वान. हे परत जमेल का, ते कुणी सांगावं?’

दोस्तांनी त्यांना मधे घेतलं आणि कॉफीच्या दुकानाकडे नेलं. जाताना ते मैदानाला वळसा घालून लांबच्या रस्त्याने गेले, बागेवरून गेले नाहीत. मला फार वाईट वाटलं. काकांचा रागही आला, पण तो कुठल्या तोंडाने करायचा ते कळेना.

पंधरा तारीख गुरुवारी आहे. तोडणारे बुधवारीच करवती आणून ठेवणार आहेत. सतरा-ख माझ्या टेबलावर आहे, त्यावर एकच ओळ भरायची आहे. तुम्हीही कधी आमच्याकडे येऊन गेला असाल, तर तुमच्या दिवाणखान्यात तो कागद लावलेला असेल आणि आल्यागेल्याला तुम्ही तो दाखवत असाल. एवढंच करा. फ्रेम उघडा आणि कागद नाकाशी धरा. गवती चहाचा वास आला तर ती एक ओळ लिहून पाठवा, एक्केचाळीस झाडं वाचतील.

तुम्ही फ्रेम उघडणार नाही, हे मला ठाऊक आहे. परवा दियेप बाई येऊन गेल्या. सतरा-ख वर कर्मचाऱ्याची सहीही चालते, असं त्यांनी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा माझ्या खुर्चीमागच्या भिंतीकडे बघून. माझी फ्रेम तिथेच आहे, बसल्या जागेवरून हात पोचतो. पण खिळा फार घट्ट बसलेला आहे.